भीमबेटक्याचे मोहोळ

भोपाळहून होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, रस्त्याने पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास गेले की भीमबेटक्याच्या टेकड्या लागतात. या टेकड्यांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे येत असता त्यांना डब्याच्या खिडकीतून हे चमत्कारिक आकाराचे खडक दिसले. ते तेथे जाऊन पोहोचले आणि चित्रांकित गुंफांचे एक विश्व जगापुढे आले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मिश्रांनी १९७३ ते १९७६ या काळात तेथील एका गुंफेचे पद्धतशीर उत्खनन केले. २००३ साली युनेस्कोने या स्थळाची जागतिक वारशात नोंद केली. तेव्हा भीमबेटक्याविषयी आता नवे ते काय सांगावयाचे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत तेथील एका गुंफेने जो धडा दिला, त्याचा चित्रांशी संबंध नाही. तो खडकांच्या वयाविषयीचा आहे, आणि त्याहूनही अधिक आमच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या जीवनाविषयीचा आहे. तो आपण पुरता गिरविला आहे असे दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीस आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद भरावयाची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती त्या वेळी भरली नाही. परंतु तिच्या निमित्ताने भारतात आलेली काही मंडळी भीमबेटक्यास जाऊन आली. सभागृहासारख्या प्रशस्त गुंफेत, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, त्यांना खडकाला चिकटलेली एक आकृती दिसली. पानासारखा लांबट आकार, मधोमध शीर, दोन्ही बाजूंस फासळ्यांसारख्या रेघा, आणि लांबी साधारण हातभर. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत एका मान्यवर नियतकालिकात जाहीर केले, की हा 'डिकिन्सोनिया' नामक प्राण्याचा अश्मीभूत ठसा होय. डिकिन्सोनिया हा सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर राहणारा, हाडे नसलेला, चपटा जीव. ऑस्ट्रेलियात आणि रशियात त्याचे ठसे विपुल मिळतात. भारतात तो तोवर मिळाला नव्हता. साहजिकच वृत्तपत्रांनी मोठाले मथळे दिले. चित्रे पाहावयास येणाऱ्या हजारो लोकांच्या डोक्यावर पृथ्वीवरील एक आद्य प्राणी इतकी वर्षे बसून होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता, ही कल्पनाच मोठी मोहक होती.

२०२२ च्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट हे राजस्थान विद्यापीठातील मनोज पंडित यांच्यासह भीमबेटक्यास गेले. मीर्ट यांचे संशोधक विद्यार्थीही या कामात सहभागी होते. त्यांनी आकृती जवळून न्याहाळली, आणि जे पाहिले ते असे की हा 'जीवाश्म' खडकापासून सुटत चालला आहे. पंचावन्न कोटी वर्षे टिकलेला ठसा दोन-अडीच वर्षांत झडू लागतो, हे कसे? आसपास नजर टाकली तर जागोजाग आग्या मोहोळे आणि जुन्या मोहोळांचे डाग. जवळून घेतलेल्या छायाचित्रांत पोळ्याची षट्कोनी घरेही ओळखू आली. डिकिन्सोनिया म्हणून जो गाजला, तो आग्या मधमाश्यांच्या मोहोळाचा उरलेला भाग होता. २०२३ च्या आरंभी त्याच नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. रिटॅलॅक यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणास साजेसेच झाले.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्याला पाठ आहे. परंतु ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. कारण त्या एका डागावर साऱ्या विंध्य पर्वताचे वय टांगले गेले होते.

विंध्याचे खडक राजस्थानापासून बिहारपर्यंत पसरलेले आहेत. आपले भोपाळ शहरही बऱ्याच अंशी त्यांच्याच रेतीखडकावर वसले आहे. पश्चिमेकडे निघालो की मग माळव्याचा काळा कातळ लागतो. अगस्ती ऋषींनी विंध्याला वाकवून ठेवले आणि तो अजून उठला नाही, ही कथा आपण लहानपणी ऐकली. तो वाकला केव्हा हे कथा सांगत नाही, आणि तो जन्मला केव्हा यावर भूशास्त्रज्ञांचा वाद शतकाहून अधिक काळ चालला आहे. खडकात ओळखीचा प्राणी सापडला की त्यावरून खडकाचे वय ठरविता येते. भीमबेटक्यास डिकिन्सोनिया असेल, तर वरच्या विंध्याचे वय पंचावन्न कोटी वर्षांच्या सुमाराचे ठरते. उलट पन्ना जिल्ह्यातील मझगवांच्या हिऱ्याच्या खाणीतला ज्वालामुखीजन्य खडक सुमारे एकशे सात कोटी वर्षांचा आहे. तो थिजताना त्यात जी चुंबकीय दिशा कायम झाली, ती वरच्या विंध्यातील खडकांतील दिशेशी जुळते. हा पुरावा धरला तर विंध्य दुपटीने म्हातारा ठरतो. म्हणजे एका मोहोळाच्या डागाने पन्नास कोटी वर्षांचा हिशेब उलटापालटा होऊ घातला होता.

आता वाचकांनी एक कल्पना करून पाहावी. २०२१ साली एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने विंध्याच्या खडकांवर पीएच. डी. साठी नाव नोंदविले आहे. मार्गदर्शकांनी सांगितले, "भीमबेटक्यास डिकिन्सोनिया मिळाला आहे, तुम्ही त्याच थरांत आणखी शोधा." दोन हिवाळे हा विद्यार्थी टेकड्या धुंडाळतो आणि त्याला काही मिळत नाही. त्याने काय करावे? 'मिळाले नाही' असे लिहिले तर प्रबंध कशाचा? आणि 'जे मिळाले म्हणतात ते तसे नसावे' असे लिहावयाचे, तर विद्यापीठाबाहेरच्या मोठ्या नावापुढे उभे राहावयाचे. ही कल्पना असली, तरी या विषयात काम करणाऱ्यास ती परकी वाटणार नाही.

हे जीवन कसे असते, हे बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. भूशास्त्रात एम. एस्‌सी. करावयाचे, राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे, मग शिष्यवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ शिष्यवृत्तीची रक्कम महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्तीची ४२,००० रुपये झाली; ती ज्यांना मिळते त्यांचे एक बरे, पण सर्वांनाच ती मिळते असे नाही. पहिले वर्ष वर्गातल्या अभ्यासक्रमात आणि विषयाची रूपरेषा मंजूर करून घेण्यात जाते. पावसाळ्यात खडकावर गवत आणि शेवाळ. वैशाखात कातळ तापून हात लावू देत नाही. म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे चार-पाच महिनेच फिरस्तीचे. जंगलात शिरावयाचे तर वनखात्याची परवानगी, संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची. आणि स्मारकातल्या खडकावर हातोडी चालविण्याचा प्रश्नच नाही. बरोबर हातोडी, भिंग, नकाशा, टिपणवही. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येक थराची जाडी मोजून नोंद. संध्याकाळी पिशवीत वीस किलो दगड आणि खाणावळीत जे मिळेल ते जेवण.

त्यानंतरचे काम चार भिंतींतले. खडकाची चकती घासून घासून मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीपर्यंत आणावयाची, तेव्हा तीतून प्रकाश आरपार जातो. चुनखडकाचे तुकडे सौम्य आम्लात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवावयाचे आणि तळाशी उरलेल्या गाळातून बारीक कुंचल्याने एकेक कण वेचावयाचा. महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाखाली केवळ वाळू दिसते. घरची माणसे विचारतात, "अजून किती वर्षे?" आणि त्याला उत्तर नसते. अशा वेळी एखादा कण वेगळा दिसला, तर त्यात जे पाहावेसे वाटते तेच दिसू लागण्याचा मोह किती प्रबळ असेल, हे सांगावयास नको.

या मोहाचे आणि त्यावर मिळविलेल्या विजयाचे उत्तम उदाहरण याच विंध्यात, प्रभू रामचंद्रांच्या वनवासाने पावन झालेल्या चित्रकूटला मिळते. १९९८ साली डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील रफत आझमी यांनी जाहीर केले, की विंध्याच्या खडकांत त्यांना चिमुकल्या कवचधारी प्राण्यांचे अवशेष सापडले. असे प्राणी जगात सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वी आढळतात. गंमत अशी की त्याच सुमारास जर्मन शास्त्रज्ञ सायलाखर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सिधी जिल्ह्यातील चोरहटच्या रेतीखडकांत कृमींची बिळे सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यांचे वय शंभर कोटींहून अधिक सांगितले. एकाच पर्वताचे खालचे थर एकाच्या मते इतके तरुण, दुसऱ्याच्या मते इतके वृद्ध! मोठा गदारोळ झाला. आझमी यांना जे मिळाले ते जीवाश्म नव्हतेच, असे म्हणणारे पुढे आले. त्यांच्या नमुन्यांच्या खरेपणावरही शंका घेतली गेली. २००२ साली किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून केलेल्या कालमापनाने या थरांचे वय एकशे साठ कोटी वर्षांच्या घरात निघाले. तेव्हा चोरहटचे कृमीही अडचणीत आले. इतक्या जुन्या काळी प्राणी असतील हे बहुतेकांस पटेना.

येथे वाद थांबला असता तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बसून राहिले असते. परंतु स्वीडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील स्टेफान बेंग्टसन आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रकूटला येऊन त्याच जागांवरून पुन्हा नमुने गोळा केले. २००९ साली त्यांनी जो निष्कर्ष मांडला, तो दोन्ही पक्षांना थोडाथोडा खरा आणि थोडाथोडा खोटा ठरविणारा होता. आझमी यांना मिळालेल्या नळ्या आणि तंतू खरोखरच जीवाश्म होते. त्यात बनवाबनवी नव्हती. मात्र ते चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी नव्हते. ज्या खडकात ते होते, तो स्वतःच सुमारे एकशे पासष्ट कोटी वर्षांचा निघाला. आणि प्राण्यांची अंडी किंवा भ्रूण वाटणारे जे गोळे होते, ते जीवाश्मच नव्हते. सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीत थरात अडकलेले ते वायूचे बुडबुडे होते.

पुढे याच नमुन्यांवर तेथील एक संशोधक विद्यार्थिनी, थेरेस सालस्टेट, काम करीत होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिला पेशींची रचना असलेले काही तंतू दिसले. आपण काय पाहिले हे लक्षात आल्यावर ती एकदम मार्गदर्शकांकडे गेली नाही. आधी संग्रहालयाच्या इमारतीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग जाऊन सांगितले. २०१७ साली बेंग्टसन, सालस्टेट आदींनी हे तंतू लाल शैवालाचे असावेत असे मांडले. तसे असेल तर आपल्याला ठाऊक असलेल्या वनस्पतीसदृश जीवांत ते अतिप्राचीन ठरतात. त्यापूर्वीचे सर्वांत जुने लाल शैवाल सुमारे एकशे वीस कोटी वर्षांचे मानले जाई. या नव्या जीवांपैकी एकास त्यांनी नाव दिले 'रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस', आणि दुसऱ्यास रामाच्या नावावरून 'रामाथॅलस'. ज्या रफत आझमींच्या नमुन्यांवर शंका घेतली गेली होती, त्यांचे नाव त्या खडकातल्या जीवाला कायमचे जोडले गेले. आझमी वयाविषयी चुकले होते. पण त्यांनी जागा नेमकी सांगितली होती. म्हणूनच दुसऱ्याला तेथे जाऊन त्यांची चूकही दाखविता आली आणि त्यांचा खरेपणाही.

चूक आणि लबाडी यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी उघडकीस आणले, की पंजाब विद्यापीठातील एक प्राध्यापक हिमालयातले म्हणून जे जीवाश्म वर्षानुवर्षे प्रसिद्ध करीत होते, त्यांतील पुष्कळसे मुळी हिमालयातले नव्हतेच. त्यांच्या निबंधांवर सहलेखक म्हणून नावे असलेल्यांची संख्या शंभरावर होती. जागेचा पत्ता खोटा असला की दुसऱ्याला तेथे जाऊन पाहता येत नाही, आणि मग एका माणसाच्या खोटेपणाचा भार त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना वाहावा लागतो. त्यांत विद्यार्थी सर्वांत दुबळा. कारण त्याच्याजवळ दुसरी कसलीच पुंजी नसते.

या साऱ्यावरून आमच्या विद्यापीठांनी काय घ्यावे? आमच्या मते पहिली गोष्ट ही, की 'नाही' हे उत्तर प्रबंधाच्या योग्यतेचे मानले गेले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आणण्याची सक्ती काढून टाकली. त्यावर टीकाही झाली; परंतु या विषयापुरते पाहता ते पाऊल योग्य दिशेचे आहे. ज्याला ठराविक मुदतीत काहीतरी छापावयाचेच आहे, तो मोहोळात प्राणी पाहण्याचा संभव अधिक. मात्र सक्ती काढल्याने वृत्ती पालटते असे नाही. नेमणुकीच्या वेळी जर निबंधांची संख्याच मोजली जाणार असेल, तर दारातून घालविलेली सक्ती खिडकीतून परत येते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती फार मोठ्या पैशाची नाही. भीमबेटक्याचा उलगडा कोणत्याही अवजड यंत्राने केला नाही. तेथे जाऊन जवळून पाहण्याने केला. भोपाळहून तेथे जाऊन यावयास एक दिवस पुरतो. शहरात २००८ पासून विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तीत भूविज्ञानाचा विभाग आहे. असे असता ही चूक प्रथम फ्लोरिडाहून आलेल्या माणसांनी प्रसिद्ध करावी, याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही. येथील विद्यार्थी बुद्धीने उणे आहेत असे मुळीच नाही. प्रसिद्ध झालेली गोष्ट पुन्हा तपासून पाहणे हे स्वतंत्र काम आहे, त्यासाठी प्रवासभाडे आणि रजा मिळाली पाहिजे, असे आपण मानीत नाही, हे त्याचे कारण असावे.

तिसरी गोष्ट नमुन्यांची. खडक फोडून आणलेला प्रत्येक महत्त्वाचा तुकडा क्रमांकासह सार्वजनिक संग्रहालयात जमा झाला पाहिजे. मार्गदर्शकाच्या कपाटात नव्हे. मार्गदर्शक निवृत्त होतात, कपाटे रिकामी केली जातात, आणि पुढच्या विद्यार्थ्याला पाहावयास काही उरत नाही.

चौथी गोष्ट गावकऱ्यांची, आणि तिचा दाखला धार जिल्ह्यात मिळतो. बाघच्या परिसरात दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, धार जिल्ह्यातील शाळाशिक्षक विशाल वर्मा आणि गुंटुपल्ली प्रसाद आदींनी महाकाय सरटांची ब्याण्णव घरटी आणि दोनशे छप्पन्न अंडी शोधून २०२३ च्या जानेवारीत त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. निबंधावर पहिले नाव संशोधक विद्यार्थिनीचे, आणि दुसरे एका शाळाशिक्षकाचे! त्याच भागातील काही कुटुंबे असे वाटोळे दगड काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेतात पुजीत आली, हेही पुढे उजेडात आले. कोणी याला अडाणीपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. हा दगड इतर दगडांसारखा नाही, हे त्या शेतकऱ्याने शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते. आणि त्याच्या पूजेमुळे तो दगड जात्याच्या किंवा बांधाच्या कामी गेला नाही. अशा माणसाला विश्वासात घेऊन जो विद्यार्थी काम करील, त्याला त्या मातीत अधिक मिळेल. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सारे अधिकार एकाच सरकारी खात्याकडे जातील आणि विद्यापीठांतील संशोधकांची वाट अडेल, अशी भीती त्यावर अनेक अभ्यासकांनी व्यक्त केली. जतनाचा कायदा हवा, यात शंका नाही. परंतु त्यात गावातल्या राखणदाराला आणि हातोडी घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्याला जागा असावी.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भीमबेटक्यात चूक करणारे आणि ती दाखविणारे, दोघांनीही आपापली बाजू एकाच नियतकालिकात मांडली. जो चुकला त्याने ते कबूल केले आणि विज्ञान एक पाऊल पुढे सरकले. आमच्या विद्यार्थ्यांना असे वातावरण मिळाले पाहिजे, की मार्गदर्शकांसमोर उभे राहून "सर, ते मला मोहोळ वाटते" असे म्हणताना त्यांचा आवाज कापू नये. आणि ते ऐकून मार्गदर्शकांनी रागावण्याऐवजी म्हणावे, "चला, उद्या सकाळच्या गाडीने जाऊन पाहू."